दुपारचे पाणी

दुपारी साडेबाराचा तास संपला की एक मुलगा कॉलेजच्या मागच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर जातो. एनएसएसच्या सामानाच्या खोलीला लागून एक लहान खोली आहे. दारावर पाटी आहे, 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष'. आत एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात श्रमदान शिबिराची टिकाव-फावडी आणि खिडकीत झाकण ठेवलेला स्टीलचा जग. मुलगा दार लोटून घेतो, सावकाश दोन ग्लास पाणी पितो, सोबत दोन बिस्किटे खातो. निघण्यापूर्वी रुमालाने ओठ चांगले कोरडे करतो. खाली व्हरांड्यात मित्र उभे असतात. रमजान चालू आहे, आणि ओल्या ओठांचा अर्थ त्यांना लगेच कळतो.

समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात. बाकीच्या दिवशी खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते. मुलगा काही बोलत नाही, मामाही काही विचारत नाहीत, किल्ली हातात ठेवतात. मामांचा समज असा की हा पोरगा एकांतात नमाज पढायला जातो.

मुलगा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातला आहे. ओळख पटू नये म्हणून त्याचे नाव, वर्ग आणि कॉलेज इथे दिलेले नाही. दोन वर्षांपूर्वी, बारावीच्या निकालानंतर, त्याला झोप येईनाशी झाली. रात्र-रात्र जागा राहायचा आणि सकाळी थकलेला नसायचा. भराभर बोलायचा, अब्बांच्या दुकानातले पैसे उचलून मित्रांना मोबाइल घेऊन द्यायचा, आपण कलेक्टर होणार हे रस्त्यातल्या कोणालाही थांबवून सांगायचा. महिन्याभराने हे ओसरले आणि तो अंथरुणात पडून राहू लागला. आंघोळ नको, जेवण नको, बोलणे नको. घरात पहिला शब्द निघाला तो 'असर'. मग झाडफूक झाली, गळ्यात तावीज आला, तीन गुरुवार दर्ग्यावर झाले. शेजारच्या आळीत असे झाले असते तर 'बाहेरची बाधा' म्हटले असते आणि देवऋषी गाठला असता. शब्द वेगळे, वाट तीच. शेवटी एका मावसभावाने जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात नेले. तिथे आजाराला नाव मिळाले, बायपोलर. औषध सुरू झाले, त्यात लिथियम होते. चार महिन्यांत मुलगा पुन्हा वर्गात बसू लागला.

गेल्या रमजानमध्ये त्याने औषध बंद केले. कोणी सांगितले नव्हते. 'दवा खाऊन रोजा कसला, आणि आता तर मी बरा आहे' हा हिशेब त्याचा त्यानेच केला. सहरीसाठी साडेतीनला उठायचे, रात्री तरावीह, नंतर मित्रांबरोबर बाजारात दीड-दोनपर्यंत फिरणे. पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस, उत्साहात गेला. दुसऱ्या अशऱ्यात झोप पूर्ण गेली. ईदचा दिवस त्याने रुग्णालयाच्या वॉर्डात काढला आणि सेमिस्टरची परीक्षा बुडाली.

यंदा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की रोजे धरायचे नाहीत, पाणी दिवसभर प्यायचे, रात्रीची झोप मोडायची नाही. मुलगा ऐकतो आहे. मात्र घरी त्याने हे सांगितलेले नाही. पहाटे तो सगळ्यांबरोबर सहरीला उठतो, संध्याकाळी सगळ्यांबरोबर खजूर तोंडात घालतो. मधल्या तेरा-चौदा तासांत त्याचा आधार म्हणजे फावड्यांशेजारचा तो जग.

लिथियम हे जुने, स्वस्त आणि बायपोलर आजारात अजूनही पहिल्या पसंतीचे औषध आहे. त्याची एक अडचण आहे. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते, म्हणून मधूनमधून रक्त तपासून पातळी पाहावी लागते. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, बोलणे जड होणे ही त्याची लक्षणे. उन्हाचे दिवस, चौदा तास पाण्याचा थेंब नाही आणि वर कॉलेजची ये-जा, हे गणित सोपे नाही. अर्थात लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला रोजा वर्ज्यच, असेही वैद्यक म्हणत नाही. मोरोक्कोतल्या कासाब्लांका इथल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला तेव्हा रमजानमध्ये अनेकांचा आजार उलटलेला दिसला, आणि त्यांचे बोट लिथियमच्या पातळीपेक्षा बिघडलेल्या झोपेकडे आणि दिनक्रमाकडे होते. पेशावरमध्ये झालेल्या अभ्यासात मात्र देखरेखीखाली रोजे धरणाऱ्यांची प्रकृती ठीक राहिली. म्हणजे निर्णय माणसागणिक होणार, आणि तो रमजानपूर्वी डॉक्टरांसमोर बसून व्हायला हवा. नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. त्या इफ्तारनंतर किंवा सहरीला घेण्याची सोय डॉक्टर लावून देतात. तिथे रोजाही राहतो, औषधही राहते. घात होतो तो स्वतःच्या मनाने गोळी थांबवल्याने.

हे केवळ मुस्लिम घरांपुरते नाही. नवरात्राचे नऊ दिवस, हरतालिकेचा निर्जळी उपवास, श्रावणातले सोमवार करणाऱ्या मुलीही कॉलेजात आहेत आणि त्यांच्यातल्या काहींच्या पर्समध्येही अशाच स्ट्रिप असतात. उपवास कोणत्या धर्माचा, हे औषधाला कळत नाही.

शरीअतमध्ये या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. रोजे फर्ज करणाऱ्या कुरआनच्या आयतींतच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. सुटलेले रोजे त्याने पुढे धरावेत, त्याला कजा म्हणतात. ज्याला पुढेही धरता येणे शक्य नाही त्याने दर रोजामागे एका गरजूला जेवू घालावे, तो फिदया. मधुमेहाच्या रुग्णाने, डायलिसिसवरच्या आजोबांनी ही सवलत घेतली तर मोहल्ल्यात कोणाची भुवई वर जात नाही. उलट हट्टाने रोजा धरणाऱ्याला बायका रागावतात. पण वीस वर्षांचा धडधाकट दिसणारा मुलगा दुपारी पाणी पिताना दिसला तर? आजार दिसत नाही, म्हणून तो आजार नाही, असे लोक धरून चालतात. सवलत ग्रंथात आहे, गल्लीत नाही, ही खरी अडचण आहे.

आणि गंमत अशी की मनाच्या आजाराला आजार म्हणणे या परंपरेला अजिबात नवे नाही. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख शहरात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, अबू जैद अल-बल्खी नावाचा विद्वान होऊन गेला. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्याने एक ग्रंथ लिहिला आणि त्यात भीती, राग, दुःख आणि डोक्यातून न हटणारे विचार यांची वेगवेगळी मांडणी केली. दुःखाचे त्याने दोन प्रकार केले. एक, ज्याचे कारण माणसाला माहीत असते, जसे की जवळच्याचा मृत्यू किंवा धंद्यातले नुकसान. दुसरे, ज्याचे कारण सांगता येत नाही, माणूस उगाच खचत जातो. या दुसऱ्याचे मूळ शरीरात आहे आणि त्यावर शरीराचाच उपचार हवा, असे त्याचे मत होते. अंगाला लागेल म्हणून आपण घरात औषध ठेवतो, तसे मनाला लागेल तेव्हासाठी चांगले विचार आधीच साठवून ठेवावेत, असेही तो सांगतो. आजचे समुपदेशक याच धर्तीवरचे काम 'विचारांची नोंदवही' देऊन करून घेतात. पुढे कैरोत 1284 साली सुलतान कलावूनने बांधलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांची वेगळी सोय होती. तुर्कस्तानातल्या एदिर्ने इथे 1488 मध्ये उभ्या राहिलेल्या बायझीद दुसऱ्याच्या दारुश्शिफात रुग्णांना संगीत ऐकवत आणि वाहत्या पाण्याजवळ बसवत.

मन खचणे म्हणजे ईमान कमजोर, हे वाक्यही मोहल्ल्यात फार सहज बोलले जाते. ज्या वर्षी पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत खदीजा आणि काका अबू तालिब दोघेही गेले, त्या वर्षाला इस्लामी इतिहासात 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, असेच नाव आहे. हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, ही कथा कुरआनात आहे. पैगंबरांच्या दुःखाला कोणी कमजोरी म्हटले नाही. मग बी.एस्सी.च्या पोराला का म्हणावे?

समुपदेशन म्हणजे काय, याविषयी मुलांच्याही कल्पना विचित्र असतात. 'तिकडे गेलास म्हणजे तू मेंटल' ही एक, आणि 'मॅडम दोन गोड शब्द सांगतात' ही दुसरी. मॅडमचे काम बहुतेक वेळ ऐकण्याचे असते. मुलगा काय बोलतो, काय टाळतो, झोप किती, भूक कशी, मरणाचे विचार येतात का, हेही त्या सरळ विचारतात. असे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खोटी आहे; उलट विचारणारे कोणी भेटले की मुलाचे ओझे हलके होते. समुपदेशक औषध देत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञाचे काम, तो एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. कुणाला डॉक्टरकडे पाठवायचे हे ओळखणे, ही चांगल्या समुपदेशकाची अर्धी विद्या. खोलीत बोललेले खोलीत राहते. जिवाला धोका दिसला तरच ती घडी मोडली जाते, आणि तेही मुलाला सांगून.

भाषेचा प्रश्न मोठा आहे. समुपदेशनाची पुस्तके इंग्रजीत, मॅडम मराठीत, आणि दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेला मुलगा स्वतःशी बोलतो दखनीत. 'डिप्रेशन' हा शब्द तो वापरतो तो मोबाइल हरवला तरी. खरे सांगायचे असते तेव्हा म्हणतो, "मॅडम, जी नई लगता. दिल बैठे सरका होता." या वाक्यावर मॅडम पहिल्यांदा अडखळल्या होत्या. त्यांनी विचारले, "दिल म्हणजे छाती, का मन?" मुलगा हसला. मग त्यानेच समजावून सांगितले. खेड्यातली मराठी मुलगीही 'मला नैराश्य आले आहे' म्हणत नाही. 'डोकं बधिर झालंय', 'जीव कासावीस होतो', 'कशात मन लागंना' म्हणते. आजार शरीराच्या भाषेत येतो. तो त्या भाषेत ऐकणारा माणूस लागतो.

अशी माणसे किती कॉलेजांत आहेत? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांमधल्या या प्रश्नासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी 25 जुलैला न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशभरातल्या शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेसना लागू होणारी 15 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक अक्षरांत लावावेत. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

कागदावर कॉलेजे फार मागे नाहीत. नॅकच्या फायलीत मेंटॉर-मेंटी योजना असतेच. प्रत्येक प्राध्यापकाला वीस-पंचवीस मुले वाटून दिलेली, वर्षअखेरीस सह्या घेतलेला तक्ता. त्या तक्त्यातल्या 'समस्या' रकान्यात 'बस वेळेवर येत नाही' याच्या पुढे क्वचितच काही लिहिलेले सापडते. अनेक ठिकाणी मानसशास्त्राच्या प्राध्यापकालाच समुपदेशकाचा जादा कार्यभार दिलेला असतो. म्हणजे ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्याच्याचपुढे मुलीने मन मोकळे करायचे. विनाअनुदानित कॉलेजात तर समुपदेशकाचा पगार कोणी द्यायचा इथूनच सुरुवात. या खोलीतल्या मॅडमही तासिका तत्त्वावर आहेत.

तरीही जिथे खोली नाही तिथे फोन आहे. 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. 14416 हा क्रमांक, मोफत, चोवीस तास, मराठी आणि उर्दूसह अनेक भाषांत. जिल्हा रुग्णालयांत मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क केला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे त्या कायद्याने गृहीत धरले आहे. पोलिसांच्या धाकाने जखमी मुलाला दवाखान्यात न नेणाऱ्या घरांनी हे जाणून घ्यावे.

तावीज-दर्ग्याला नुसत्या शिव्या घालूनही काही साधत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले, हे विसरता येणार नाही. पण गुजरातेत उनावा गावी मीरा दातारच्या दर्ग्यावर दुसरा प्रयोग झाला. सरकारच्या साह्याने तिथे मानसोपचाराची सोय झाली, 'दवा आणि दुआ' असे त्याचे नाव. दर्ग्याच्या मुजावरांनाच आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, आणि दुआ करून झाली की ते रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. तिथे येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात, महाराष्ट्रातलेही.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत यंदा हाच प्रश्न आला. मॅडमनी मुलाला घरी सांगायला सुचवले. तो नाही म्हणाला. पुन्हा सुचवले, पुन्हा नाही. मॅडमनी घरी फोन केला नाही. तो त्यांचा अधिकार नव्हता. त्यांनी फक्त विचारले, "घरात कोणाचं बोलणं अब्बा ऐकतात?" मुलगा म्हणाला, "मस्जिद के मौलाना का." मग त्याच म्हणाल्या, "तू मला तुझ्याबद्दल त्यांच्याशी बोलायची परवानगी देतोस, की तूच जाशील?"

तो स्वतःच गेला. तरावीहनंतर, सगळे पांगल्यावर. मौलानांनी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, नीट वाचली, न कळलेला शब्द विचारून घेतला. मग म्हणाले, "रोजा छोड़ना तेरे वास्ते रुख़सत है बेटा, इसमें छुपाने का क्या?" आजार बरा होण्यासारखा असेल तर कजा आहे, डॉक्टर म्हणतात की वर्षानुवर्षे औषध चालेल तर फिदया आहे, आणि पुढे कधी ताकद आली तर रोजे धरावे लागतील, हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी असरनंतर ते मुलाच्या अब्बांच्या दुकानात जाऊन बसले. काय बोलणे झाले ते कोणाला ठाऊक नाही. अब्बांनी त्या संध्याकाळी इफ्तारला मुलाकडे पाहिलेही नाही, एवढे त्याने मॅडमना सांगितले. अम्मीला मात्र फारसे नवल वाटले नव्हते. ती म्हणाली, "तेरे होठ सूखे नई दिखते थे, मेरे को पहले से मालूम था."

आता स्वयंपाकघरात दुपारी एक ताट झाकून ठेवलेले असते. अब्बा त्याविषयी बोलत नाहीत. परवा रात्री त्यांनी औषधाच्या दुकानाचे बिल उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने हिशेब मांडला. एका रोजाचा फिदया सुमारे पावणेदोन किलो गहू. तीस रोजांचे साडेबावन्न किलो. त्याखाली यंदाचा गव्हाचा भाव लिहून गुणाकार केला, खाली दोन रेघा ओढल्या आणि मुलाला हाक मारली, "ये देख, बराबर है क्या. तू मॅथ्सवाला है ना."